झालंच म्हणून समजा

पंचावन्नाव्या वर्षी सुनेकडून वहीवर लाल शेरे खायचे म्हणजे काय, ते मला विचारा. रोज संध्याकाळी सात वाजता, तिची शाळा आणि माझ्या लिफ्टा आटोपल्या की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शिकवणी भरायची. शिकवणारी सूनबाई, शिकणारा सासरा आणि ओट्यापाशी भाजी चिरता चिरता फुकटात हसणारी आमची ही. सूनबाई शाळेत इंग्रजी शिकवते, वर्गात सात-आठ वर्षांची पोरं. त्यामुळे मलाही ती त्याच आवाजात विचारायची, "बाबा, सांगा बघू, हे घडून गेलंय, घडतंय, की घडायचंय?"

आता मी काय शाळेतलं पोर आहे? तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. पण आमची कंपनी विकली गेली, नवे मालक आले आणि त्यांनी फतवा काढला की कामाचे रिपोर्ट यापुढे इंग्रजीत. त्याची परीक्षा होणार, एकदाच होणार, आणि जो नापास होईल त्याची सही पुढच्या महिन्यापासून चालणार नाही. म्हणजे घाम मी गाळायचा आणि खाली सही ठोकायची ती काल मिसरूड फुटलेल्या कुणीतरी. वाचलं तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला. सही गेली की राहिलं काय? माझी सही बघून लोक आपल्या म्हाताऱ्या आईला लिफ्टमध्ये घालतात, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत आलोय. ती सही गेली तर मी पुन्हा हेल्पर, थेट तीस वर्षं मागे.

म्हणून निमूटपणे शिकायला बसलो. भूतकाळ मला चटकन जमला. चेक्ड, ऑइल्ड, टेस्टेड, सगळं कसं सरळ. घोडं अडलं ते भविष्यकाळाशी. सूनबाईनं कागदावर चार चौकोन काढले आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

"उद्यासाठी इंग्रजीत एकच रूप नसतं, बाबा. आत्ता बसल्या जागी ठरवलं तर विल. आधीच मनाशी ठरवून ठेवलंय तर गोइंग टू. कुणाशी वेळ पक्की केलीय तर चालू वर्तमानकाळ, आय ॲम मीटिंग द डॉक्टर टुमॉरो. आणि वेळापत्रकच असलं तर साधा वर्तमानकाळ, द बस लीव्ह्ज ॲट नाइन."

"उद्याच्या एवढ्या भानगडी? आम्ही आपलं म्हणतो, आलोच, निघालोच, झालंच म्हणून समजा. विषय संपला."

"अहो, पण ही सगळी झालेल्याची रूपं आहेत. तुमचा चहासुद्धा अजून संपलेला नाही आणि तुम्ही म्हणता निघालोच."

ओट्यापाशी आमची ही फिसकन हसली. "तीस वर्षं ऐकतेय मी ते निघालोच," म्हणाली.

"आणि अजून एक," सूनबाईनं माझा कप टेबलाच्या अगदी कडेला सरकवला. "पुढे काय होणार ते डोळ्यांसमोर दिसत असलं, तरी गोइंग टू. द कप इज गोइंग टू फॉल."

"मग उचल की तो! वाक्यं कसली करत बसलीस?" मी कप उचलून आत ठेवला. त्यावर दोघी इतक्या हसल्या की त्या दिवशीचा अभ्यास तिथंच आटोपला.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. ती सूनबाईलासुद्धा सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं कधी वाटलंच नव्हतं. सकाळी आठला आम्ही ऑफिसात हजेरी लावतो. तिथं एक जाडजूड रजिस्टर असतं. कुठल्या इमारतीत काय काम केलं ते त्यात लिहून सही करायची, आणि खरं म्हणजे हे लिहायचं काम झाल्यावर. पण संध्याकाळी आमचे हात ग्रीसनं काळेकुट्ट. पान बरबटलं की रजिस्टरच्या बाई घसा फुटेस्तोवर ओरडणार. म्हणून सगळेच जण सकाळीच, स्वच्छ हातांनी, दिवसभराचं काम "केलं" असं लिहून मोकळे होतात. मला ज्यांनी काम शिकवलं तेही असंच लिहायचे. मग साडेअकराच्या सुमारास बाई रजिस्टर समोर घेतात आणि एकेका इमारतीला फोन लावतात, "काम झालंय, चालू करा." तोवर सकाळची कामं उरकलेली असतातच. तीस वर्षांत कधी कुठं अडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी माझ्याकडे एकच काम होतं, डोळ्यांच्या दवाखान्याची लिफ्ट. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, येणारे जाणारे बहुतेक म्हातारे. लिफ्टचा ब्रेक म्हणजे दोन्ही बाजूंनी ड्रम आवळून धरणारे दोन शू, आणि त्यांना आतून लावलेले लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या. आदल्या संध्याकाळी बघितलं तर एका शूचा लायनर पार झिजून गेलेला, ड्रमवर लोखंड घासतंय. तो शू मी काढून बाजूला ठेवला. एका शूवर रिकामी लिफ्ट उभी राहते. पण आत चार माणसं शिरली की ती घसरते, आणि दार उघडं असलं तरी घसरते. म्हणून मेन स्विच बंद केला, दाराला "लिफ्ट बंद आहे" ही पाटी अडकवली आणि मशीन रूमच्या किल्ल्या केअरटेकरच्या हातात दिल्या. त्याला आम्ही कुलूप म्हणतो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंड कायम बंद.

परीक्षा दुपारी दोनला होती. सकाळी जाऊन नवे लायनर बसवायचे, हात धुवायचे आणि परीक्षेला जायचं, असा साधा हिशेब. आठ वाजता रजिस्टरात ऐटीत इंग्रजीत लिहिलं, ब्रेक लायनर्स चेंज्ड, लिफ्ट टेस्टेड, वर्किंग. खाली झोकदार सही. लायनरची पिशवी घेऊन बसस्टॉपवर उभा होतो तोच फोन आला की तुमची परीक्षा दोनला नाही, दहाला आहे, लगेच निघा. परीक्षेची जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला. उलट दिशेची बस पकडली आणि रस्ताभर तोंडातल्या तोंडात ते चार चौकोन घोकत राहिलो. लिफ्टचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला म्हटलं, बंदच आहे ना, दुपारी करू. तेवढ्यावर तो गेलाही.

परीक्षेच्या खोलीबाहेर एका ट्रेमध्ये सगळ्यांचे फोन काढून घेतले. आत आमच्याच कंपनीतले वीस-बावीस जण, त्यातले निम्मे मी शिकवलेले. माझ्या बाकाचा एक पाय तोकडा होता. लिहायला लागलो की बाक कुरकुरायचा, आणि पुढच्या बाकावरचा मागं वळून बघायचा. पहिले दोन प्रश्न सुटले. तिसऱ्यात वेळापत्रक दिलं होतं, तेही सुटलं. मनात म्हटलं, सूनबाई, आज तुझा सासरा बाजी मारतोय.

चौथ्या प्रश्नात चित्र होतं. एक माणूस शिडीवर चढलाय, वरच्या दिव्याला हात घालतोय, आणि खाली शिडीची एक बाजू घसरलेली. चित्र बघा आणि पुढे काय होणार ते दोन वाक्यांत लिहा. मी लिहिलं, ही इज गोइंग टू फॉल. दुसरं वाक्य लिहायला पेन टेकवलं आणि हातच थांबला.

रजिस्टर. मी लिहून आलोय. वर्किंग म्हणून लिहून आलोय. बाई साडेअकराला फोन करणार. कुलूप मेन स्विच चालू करणार, पाटी काढणार, आणि डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं एका शूवरच्या लिफ्टमध्ये शिरणार. पट्टी बांधलेल्या माणसाला जमीन खाली सरकतेय हे दिसणारसुद्धा नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होती. मी उठून परीक्षेवरच्या साहेबांकडे गेलो. पोरगेलासाच होता, पण बिचारा नियमाला चिकटून.

"साहेब, एक फोन करायचाय."

"पेपर होईपर्यंत फोन नाही. बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही. काही इमर्जन्सी आहे का?"

आता खरं सांगायला किती वेळ लागतो? न केलेलं काम केलं म्हणून लिहिलंय, माणसं मरतील, फोन द्या. झालं. पण वीस जणांचे कान माझ्याकडे लागलेले. यांना मीच शिकवलंय, पाना कसा धरायचा आणि कामाशी इमान कसं राखायचं, दोन्ही.

"नाही, घरचं जरा काम होतं," म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो.

लाज वाटते सांगताना, पण बसलो. पाचवा प्रश्न वाचला. एक अक्षर डोक्यात शिरेना. मनाशी म्हटलं, साडेअकराला फोन असतो, पंचवीस मिनिटांत उरलेले प्रश्न खरडू, मग पळू. मग म्हटलं, दवाखान्यापर्यंत जायला किती वेळ लागतो रे गाढवा? मग म्हटलं, कुलूप आळशी आहे, तो काय लगेच जिना चढून मशीन रूमला जातोय. बाक कुरकुरत होता, कारण माझा पाय थांबत नव्हता. अशी दहा मिनिटं काढली. त्या दहा मिनिटांत मी दोन वाक्यं लिहिली, आणि दोन्ही चुकलेली होती. शेवटी पेपर तसाच टाकून उठलो.

"काका, बाहेर गेलात की संपलं," साहेब म्हणाला.

"माहीत आहे," म्हटलं आणि ट्रेमधून फोन उचलला.

पहिला फोन बाईंना. "बाई, दवाखान्याला फोन करू नका."

"अहो, केला की! आज मला लवकर निघायचंय, म्हणून सगळे फोन आधीच उरकले. पंधरा मिनिटं झाली. का हो?"

"परत लावा. बंद करा म्हणावं. लायनर बसवलेले नाहीत. मी अजून तिथं गेलेलोच नाही."

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय की."

"लिहिलंय! लिहिलंय म्हणूनच सांगतोय ना, बाई, लावा फोन!"

मी कुलूपला फोन लावत टॅक्सीत बसलो. रिंग जातेय, जातेय, उचलतंय कोण. पुन्हा लावला. बाईंचा फोन आला की तिकडे कुणी उचलत नाही, त्याही लावतायत. टॅक्सी पुलाच्या तोंडाशी अडकली. पुढं गाड्यांची रांग, आणि ड्रायव्हर आरामात आरसा पुसतोय. डोकंच फिरलं माझं. त्याला दोन शब्द सुनावले, बिचाऱ्याचा काही दोष नसताना, आणि उतरून चालत सुटलो. चालणं कसलं, पळतच होतो. पंचावन्न वर्षांचा माणूस, पायात परीक्षेसाठी घातलेले चांगले बूट, हातात लायनरची पिशवी. लोक वाट देत होते. मी मनात मजले मोजत होतो. तळमजल्यावर कोण असेल, तिसऱ्यावर कोण असेल. दार उघडलं असेल. कुणी एक पाय आत टाकला असेल.

दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा श्वास घेता येत नव्हता. जिन्यावरून एक म्हातारी उतरत होती. एका डोळ्यावर पट्टी, एक हात कठड्यावर, दुसरा लेकीच्या खांद्यावर. पायरी पायरी चाचपत, लिफ्टवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्यांच्यामागून दोन वॉर्डबॉय एका आजोबांना खुर्चीसकट खाली आणत होते. आणि लिफ्टच्या दाराला माझी पाटी तशीच अडकवलेली होती. शेजारी स्टुलावर कुलूप बसला होता, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर.

मी भिंतीला टेकलो. "बाईंचा फोन... आला नव्हता?"

"आला होता."

"काय म्हणाल्या?"

"काम झालंय, चालू करा म्हणाल्या. मी बरं म्हटलं."

"मग?"

"मग काय? बसलो."

"आणि माझे फोन? बाईंचे फोन?"

"माणसं उतरवायला हात देत होतो. फोन कुठं उचलू?"

घाबरलेला माणूस वाचला की आधी चिडतो. मीही चिडलो. "अरे, ऑफिसातून चालू करा म्हणून सांगतात, रजिस्टरात माझी सही आहे, आणि तू चालू करत नाहीस? माझ्या सहीला काही किंमत आहे की नाही?"

कुलूपनं माझ्याकडे नीट बघितलं. अकरा वर्षांत हा माणूस माझ्याशी सलग चार वाक्यं बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"तुझी सही बघून मी कधीच लिफ्ट चालू केलेली नाही. तुम्ही लोक सकाळीच लिहून ठेवता, ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तू वरून उतरतोस, तुझे काळे हात दिसतात, तेव्हा मी चालू करतो. आज तू आलाच नाहीस." मग म्हणाला, "पलीकडच्या इमारतीतला तो लंगडा केअरटेकर आहे ना, तोही असंच करतो. त्यानंच मला सांगितलं होतं."

कुणी खाडकन तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. पिशवी उचलली आणि सहा मजले जिना चढून मशीन रूममध्ये गेलो.

लायनर बसवायला दीड तास पुरतो. मला अडीच लागले. शर्टाच्या बाह्या वर करायचं भान राहिलं नाही. दोन्ही शू लावले, स्प्रिंग आवळली, फट मोजली, पुन्हा मोजली, रिकामी लिफ्ट वर-खाली फिरवली. मग कुलूप, दोन वॉर्डबॉय आणि मी असे चौघं आत उभे राहून प्रत्येक मजल्यावर थांबवून बघितली. केसभरही घसरली नाही. खाली आल्यावर कुलूपनं माझ्या हातांकडे एक नजर टाकली आणि पाटी काढली.

मधे सूनबाईचे तीन फोन येऊन गेले होते. जिन्याच्या पायरीवर बसून तिला लावला.

"कसा गेला पेपर, बाबा?" मागून शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता.

एरवी मी म्हटलं असतं, झाला, मस्त झाला. "नाही झाला," म्हटलं. "अर्धा टाकून आलो." आणि सगळं सांगितलं, रजिस्टरापासून स्टुलापर्यंत.

आधी ती भडकली. "तीन महिने, बाबा! तीन महिने रोज बसलो आपण!" मला ते अगदी मान्य होतं. मग तिनं विचारलं, "लिफ्टमध्ये कुणी चढलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग ठीक आहे." पुढे म्हणाली, "पण बाबा, तो चालू करणारच नव्हता. तुम्ही पळाला नसतात तरी चाललं असतं."

"हो," म्हटलं. "पण ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं."

चार वाजता ऑफिसात गेलो. लवकर निघणार होत्या त्या बाई तशाच बसून होत्या, रजिस्टर समोर उघडून. सकाळची माझी नोंद, सुबक अक्षर, खाली झोकदार सही.

"वर कुणाला काही बोलले नाहीये," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "काम झालं ना आता? मग नोंद आता खरीच आहे. राहू द्या तशीच. कशाला उगाच गळ्यात घोंगडं घेता?"

क्षणभर वाटलं, राहू द्यावं. खरंच, आता त्यात खोटं काय होतं? मग ती कठडा चाचपत उतरणारी म्हातारी आठवली. मी पेन घेतलं आणि नोंदीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, आय रोट धिस ॲट एट. आय हॅड नॉट डन इट. आय हॅव डन इट नाऊ. दुपारचे पावणेतीन, अशी वेळ टाकली आणि सही केली. परीक्षेत एवढी बरोबर वाक्यं आली असती तर पास झालो असतो.

"अहो, हे वरचे वाचतील," बाईंचा चेहरा उतरला. "आणि पेपर अर्धा टाकलात म्हणता. पुढच्या महिन्यापासून तुमची सही चालणार नाही, कळतंय ना?"

"ती आधीपासूनच चालत नव्हती, बाई," म्हटलं.

पानावर माझ्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग पडला होता. बाई सवयीनं फडकं घेऊन तो पुसायला गेल्या. मी म्हटलं, राहू द्या, आज तो असायला हवा.